मलबार हिलवरील सरकारी भाडेपट्टा संपत आला असता

मलबार हिल आणि कंबाला हिल या टेकड्यांवरील अनेक भूखंड ब्रिटिश अमदानीत सरकारने बंगल्यांसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. १८८० च्या दशकात गव्हर्नरांचे निवासस्थान परळहून मलबार पॉइंटला आले, त्यामागोमाग बडे अधिकारी, व्यापारी आणि गिरणीमालक टेकडीवर चढले आणि झाडीत दडलेल्या बंगल्यांची ही वस्ती भरत गेली. पुढे बंगले पाडले गेले, त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आणि सदनिकाधारकांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या. पायाखालच्या जमिनीचा करार मात्र जुनाच राहिला. १९२० च्या दशकात ९९ वर्षांसाठी केलेला पट्टा आता संपतो आहे किंवा नुकताच संपला आहे, आणि ३० वा ५० वर्षांचे पट्टे तर कधीच संपून गेले आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीला हे बहुधा तीन प्रसंगी कळते: पुनर्विकासाचा विषय निघतो तेव्हा, एखादी बँक गृहकर्जासाठी जमिनीचे कागद मागते तेव्हा, किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाची थकबाकीची नोटीस येते तेव्हा.

नूतनीकरण म्हणजे वाढीव भाडे भरणे, असा समज घेऊन बहुतेक जण कार्यालयात जातात आणि तेथेच वर्षे घालवतात. भाड्याचा आकडा शासनाच्या सूत्राने ठरतो आणि त्यात घासाघीस करण्याला फारसा वाव नसतो. फाइल अडते ती त्याआधी, म्हणजे पट्टेदार कोण, क्षेत्र किती, मधल्या काळात कोणती परवानगी न घेता काय केले, या प्रश्नांपाशी. म्हणून कागद जुळवण्याचे काम मुदत संपण्यापूर्वी किमान दोन वर्षे हाती घ्यावे. मुदत संपून गेली असेल तरी क्रम हाच ठेवावा, कारण अपुऱ्या कागदांवर घाईने केलेला अर्ज पुढे प्रत्येक टेबलावर तीच त्रुटी दाखवत राहतो.

जमीन नक्की कोणाची

पहिले काम म्हणजे जमिनीचा मालक निश्चित करणे. हे वाटते तितके सोपे नाही. या परिसरात काही जमिनी राज्य शासनाच्या असून त्यांचा कारभार मुंबई शहर जिल्हाधिकारी पाहतात. त्यांचे कार्यालय फोर्टमध्ये शहीद भगतसिंग मार्गावर जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. काही जमिनी महापालिकेच्या आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गावदेवीसारख्या भागांत भूखंड पाडून पट्ट्याने दिले होते आणि १९३३ मध्ये तो ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तेव्हा त्या पट्ट्यांची मालकी महापालिकेकडे गेली. अशा पट्ट्याचा अर्ज महापालिकेच्या मालमत्ता विभागाकडे करायचा असतो आणि तेथील धोरण वेगळे आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज दोन वर्षांनी ‘ही जमीन आमची नाही’ या शेऱ्यासह परत आल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यात दोष कार्यालयापेक्षा अर्जदाराचाच अधिक असतो.

आणखी एक गोंधळ धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या प्रकारच्या हक्काने धारण केली आहे याचा, असतो. मुंबई बेटावर फोरास, टोका, इनामी, सनदी, पेन्शन अँड टॅक्स असे जुने धारणाप्रकार आजही मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) दिसतात. यांपैकी काहींवर जिल्हाधिकारी कार्यालयाची दरवर्षी किरकोळ रकमेची मागणी येते. ती आकारणी असते, पट्ट्याचे भाडे नव्हे. केवळ सरकारकडून बिल येते म्हणून जमीन भाडेपट्ट्याची आहे असे धरू नये, आणि उलट, कित्येक वर्षांत बिल आलेले नाही म्हणून ती मालकीची झाली असेही समजू नये. मलबार अँड कंबाला हिल डिव्हिजनमधील आपल्या कॅडस्ट्रल सर्व्हे नंबरची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून प्रमाणित करून घ्यावी आणि तिच्यावरील धारणाधिकार, पट्टेदार, मुदत व शेरे हे चारही रकाने वाचावेत.

जुन्या दस्तांत मिळकतीचे वर्णन करताना पाच-सहा क्रमांक एकापाठोपाठ येतात: कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, जुना सर्व्हे नंबर, नवा सर्व्हे नंबर, लॉटन सर्व्हे नंबर आणि शेवटी कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची मोजणी केली, त्यावरून हे नाव पडले. पट्ट्यात लॉटन नंबर असेल आणि मिळकत पत्रिकेवर केवळ आजचा नंबर असेल, तर ते दोन्ही एकाच जमिनीचे आहेत हे अर्जदाराला दाखवून द्यावे लागते. मधल्या काळातील फेरफार (हक्कबदलाच्या) नोंदी आणि महापालिकेचे जुने कर देयक यांतून ही साखळी सहसा जुळते.

पट्टा शब्दशः वाचणे

मूळ पट्ट्याची प्रत संस्थेकडे नसणे ही अपवादाची नव्हे, तर नेहमीची स्थिती आहे. ती नोंदणी कार्यालयाच्या अभिलेखात शोधावी. न सापडल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जिल्हाधिकारी कार्यालयातील प्रतीची मागणी करावी. अर्जास ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. केवळ पट्ट्याची प्रत न मागता संपूर्ण नस्तीचे (फाइलचे) अवलोकन मागावे, कारण जुन्या परवानग्या, हस्तांतरणाची पत्रे आणि थकबाकीचे टिपण त्याच नस्तीत असते, आणि तुमच्या मिळकतीविषयी शासनाची समजूत काय आहे हे त्याच पानांतून कळते.

पट्ट्यात शासनाचे नाव काळाप्रमाणे बदललेले दिसेल. १९३७ पूर्वीच्या दस्तांत जमीन देणारा पक्ष ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल’ असतो. त्यामुळे पट्टा अवैध ठरत नाही. ते हक्क आज महाराष्ट्र शासनाकडे आहेत आणि नवा पट्टा महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या नावाने होतो.

वाचताना चार गोष्टींवर थांबावे. पहिली, मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची. दस्तावर सही झाल्याची तारीख आणि पट्टा सुरू होण्याची तारीख यांत कधी कधी काही वर्षांचे अंतर असते; महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होत असल्याने अनेक पट्टे त्या तारखेपासून मोजले जातात. दुसरी, नूतनीकरणाचे कलम. काही पट्ट्यांत पट्टेदाराच्या इच्छेनुसार आणखी ठरावीक वर्षांसाठी नूतनीकरण करण्याचा करार असतो, काहींत शासनाच्या मर्जीवर सोडलेले असते आणि काही पट्टे त्याबाबत मौन पाळतात. पहिल्या प्रकारात पट्टेदाराकडे करारातून आलेला हक्क आहे, परंतु तो बजावण्यासाठी मुदतीआधी लेखी सूचना देण्याची अट असल्यास ती पाळावीच लागते. ही एक ओळ न वाचल्याने भक्कम बाजू कमकुवत होते. तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीचा हेतू: केवळ राहण्यासाठी, एकच बंगला व नोकरांची घरे, की बांधकामावर बंधन नाही. चौथी, हस्तांतरणास पूर्वपरवानगी लागते काय, आणि लागत असल्यास तिचे शुल्क काय.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३८ नुसार सरकारी पट्टेदार जमीन केवळ ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या हेतूसाठी आणि ठरलेल्या शर्तींवर धारण करतो. मुदत संपल्यावर धारण करण्याचा हक्क संपतो आणि त्यानंतरचा ताबा अनधिकृत ठरवून कलम ५३ खाली निष्कासनाची, म्हणजे जागेतून काढण्याची, कारवाई सुरू करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना प्राप्त होतो. ‘आम्ही जुने भाडे भरत आहोत आणि कार्यालय पावती देत आहे, म्हणजे पट्टा चालूच आहे’ हा युक्तिवाद संस्थांच्या सभांत फार आत्मविश्वासाने मांडला जातो. त्यावर विसंबून राहू नये. पावतीने पैसे पोचल्याचे सिद्ध होते, नूतनीकरण झाल्याचे नव्हे.

अर्ज कोणी करावा

पट्टेदार म्हणून ज्याचे नाव नोंदलेले आहे त्यानेच अर्ज करायचा, हे साधे वाटले तरी मलबार हिलवर सर्वाधिक वेळ येथेच जातो. जेथे अजून बंगला उभा आहे तेथे पट्टा आजोबा-पणजोबांच्या नावावर असतो आणि वारस तीन पिढ्यांत आणि तीन देशांत विखुरलेले असतात. प्रथम वारसनोंद, मग नूतनीकरण, हा क्रम चुकवता येत नाही. परदेशातील वारसांनी तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे आणि ते भारतात आल्यावर त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. वारसांमध्ये वाटपाचा वाद चालू असल्यास तो मिटेपर्यंत न थांबता सर्वांनी संयुक्त अर्ज करणे शहाणपणाचे आहे, कारण नूतनीकरणाने कोणाचा हिस्सा वाढत वा घटत नाही.

इमारत असेल तर पेच वेगळा असतो. पट्टा मूळ कुटुंबाच्या किंवा विकासकाच्या नावावर राहिलेला असतो आणि संस्थेच्या हाती सदनिकांचे करार सोडल्यास काही नसते. शासनाच्या दृष्टीने अशी संस्था परकी ठरते. मूळ पट्टेदार सहकार्य करण्यास तयार असेल तर शासनाची परवानगी घेऊन पट्ट्याचे अभिहस्तांकन (हक्क सोपवण्याचा दस्त) संस्थेच्या नावे करून घ्यावे. तयार नसेल तर महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ खाली सक्षम प्राधिकारी असलेल्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करता येतो. जमीन भाडेपट्ट्याची असल्यास संस्थेला पट्टेदाराचे हक्क मिळतात, मालकी नव्हे. हे काम आणि नूतनीकरणाचे काम समांतर चालवता येते, परंतु जिल्हाधिकारी कार्यालयाला दोन्हींची कल्पना प्रारंभीच्या पत्रातच द्यावी.

संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून दोन पदाधिकाऱ्यांना सह्यांचे अधिकार द्यावेत. त्याच ठरावात भाड्याची विभागणी सदनिकांच्या क्षेत्रफळानुसार होणार की सर्वांना समान, हेही ठरवून टाकावे. हा प्रश्न मागे ठेवल्यास मागणीपत्र आल्यावर मोठ्या आणि लहान सदनिकांचे दोन तट पडतात आणि भरण्याची मुदत निघून जाते.

शर्तभंग स्वतःच शोधावा

जिल्हाधिकारी कार्यालय स्थळपाहणी करणारच आहे. त्याआधी आपण करावी. गॅरेजमध्ये चालणारा दवाखाना, तळमजल्यावरील सदनिकेतले कार्यालय, गच्चीवर भाड्याने दिलेला मोबाइल मनोरा, नोकरांच्या चाळीच्या जागी उभी राहिलेली दुमजली इमारत, शेजारच्या भूखंडाला कायमचा दिलेला रस्ता, यांपैकी प्रत्येक गोष्ट पट्ट्यातील हेतू किंवा हस्तांतरणाच्या कलमाला धरून शर्तभंग ठरू शकते. शासकीय जमिनीची विक्री, हस्तांतरण, पुनर्विकास किंवा वापरातील बदल यांसाठी पूर्वमान्यता आवश्यक असल्याचे संहितेच्या कलम ३७-अ मध्येही आले आहे. ज्या संस्थेचे काम मी जवळून पाहिले तेथे सारे कागद चोख असूनही नस्ती दीड वर्ष थांबली, आणि कारण काय तर एका बाल्कनीच्या बाहेर लावलेला वैद्यकीय व्यवसायाचा फलक. फलक काढून जागेचा वापर पूर्ववत केल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच दिले असते तर ते टिपण लिहिलेच गेले नसते.

जे काढून टाकता येते ते काढावे आणि त्याची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत. जे काढता येत नाही ते नियमानुकूल करण्याची विनंती अर्जातच करावी. लपवून ठेवण्याचा मोह सोडावा. महापालिकेचे मंजूर नकाशे, मालमत्ता कराची देयके आणि वीजजोडणीचा प्रकार यांतून वापर कोणालाही कळतो.

मागील विक्रीव्यवहारांचा भाग मात्र सावधपणे हाताळावा. सदनिका हस्तांतरित होताना शासनाला अधिमूल्य (प्रीमियम) द्यावे लागते की नाही, याचे उत्तर सर्व जमिनींसाठी एक नाही. कफ परेड येथील एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शासनाची हस्तांतरण अधिमूल्याची मागणी फेटाळली. ती जमीन संस्थेला सवलतीने दिलेली नव्हती. विकासकाने बोली लावून ती पट्ट्याने घेतली होती, हा मुद्दा तेथे निर्णायक ठरला. आपली जमीन कोणत्या मार्गाने प्रदान झाली हे म्हणून मूळ आदेशातून शोधून काढावे. न मागता अधिमूल्य भरून टाकणे आणि रास्त मागणीवर वर्षानुवर्षे हरकत घेत राहणे हे दोन्ही महागात पडते.

उताराची मोजणी

जुन्या पट्ट्यात क्षेत्र चौरस वारांत असते. एक चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. रूपांतर केल्यावर मिळकत पत्रिकेवरील आकड्याशी थोडा फरक आला तर घाबरण्याचे कारण नाही, पण फरक मोठा असेल तर त्यामागे बहुधा रस्तारुंदीसाठी महापालिकेने घेतलेली पट्टी असते. ती पट्टी मिळकत पत्रिकेवरून कमी झालेली नसेल तर जी जमीन आपल्याकडे नाही तिचे भाडे पुढची ३० वर्षे भरावे लागेल. ताबापावती शोधून क्षेत्रदुरुस्ती आधी करून घ्यावी.

टेकडीवर मोजणीला आणखी एक पदर आहे. भूमापनातील क्षेत्र हे सपाट प्रक्षेपणाचे असते, उताराच्या पृष्ठभागाचे नव्हे. त्यामुळे रहिवाशाने टेप लावून काढलेले क्षेत्र नेहमी अधिक भरते आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. हद्द मात्र काळजीपूर्वक पाहावी. एकाखाली एक पायऱ्यांसारख्या भूखंडांत दगडी संरक्षक भिंत नेमकी कोणाच्या हद्दीत आहे हे नकाशावाचून कळत नाही, आणि भिंत शासनाची की पट्टेदाराची यावर तिच्या दुरुस्तीचा खर्च ठरतो. ऑगस्ट २०२० मधील अतिवृष्टीत केम्प्स कॉर्नरजवळ मलबार हिलच्या उताराची संरक्षक भिंत कोसळून न्या. सीताराम पाटकर मार्ग बंद झाला होता, हे ज्यांनी पाहिले त्यांना या मुद्द्याचे वजन सांगायला नको. नव्या पट्ट्याच्या नकाशात भिंती दाखवून घ्याव्यात आणि त्यांची जबाबदारी कोणाची हे शब्दांत लिहून घ्यावे.

अर्ज आणि त्याचा प्रवास

अर्ज साध्या भाषेत, एका पानाचा असावा. तपशील परिशिष्टांत द्यावा. मूळ पट्टा व त्यानंतरचे सर्व दस्त, अद्ययावत मिळकत पत्रिका व मोजणी नकाशा, भरलेल्या भाड्याच्या पावत्या, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र व ठराव, सभासदांची यादी, महापालिकेने मंजूर केलेले नकाशे व भोगवटा प्रमाणपत्र, आणि वापराबाबतचे प्रतिज्ञापत्र हे सारे क्रमांकित करून जोडावे. दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. पट्ट्यात नूतनीकरणाचा हक्क असेल तर त्या कलमाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात यावा.

त्यानंतर नस्ती स्थळपाहणी, नगर भूमापन अहवाल, थकबाकीचा हिशेब आणि मूल्यांकन अशी फिरते. या काळात महिन्याला एक लेखी स्मरणपत्र देणे पुरेसे आहे. तोंडी आश्वासनांना कार्यालयीन आयुष्य नसते. अधिकाऱ्याची बदली झाल्यास नव्या अधिकाऱ्याला आतापर्यंतच्या पत्रव्यवहाराची तारीखवार यादी द्यावी. आणि नूतनीकरण होईपर्यंत जुन्या दराने भाडे भरत राहावे. कार्यालय स्वीकारत नसेल तर भरण्याची तयारी दर्शवणारे पत्र दरवर्षी द्यावे.

भाड्याचा हिशेब

शासनाचे मूळ धोरण १२ डिसेंबर २०१२ च्या निर्णयात आले आणि ५ मे २०१८ च्या निर्णयाने त्यात सुधारणा झाल्या. त्याचा गाभा असा की वार्षिक दर विवरणपत्रातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, जमिनीच्या मूल्याचा २५ टक्के भाग आधारभूत धरायचा आणि त्यावर वापरानुसार ठरवलेल्या टक्केवारीने वार्षिक भाडे आकारायचे. नूतनीकरण ३० वर्षांसाठी होते. वांद्र्यातील गृहनिर्माण संस्थांनी या धोरणाला आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रेडी रेकनरशी जोडलेली भाडेवाढ वैध ठरवली, पण पट्ट्याच्या मुदतीत दर पाच वर्षांनी भाडे बदलण्याची तरतूद मान्य केली नाही. नव्या पट्ट्याचा मसुदा हाती आल्यावर पंचवार्षिक फेरआकारणीचे कलम त्यात आहे काय, हे सर्वप्रथम पाहावे, आणि असल्यास त्या निर्णयाच्या आधारे लेखी हरकत नोंदवावी.

आकड्यांची जाणीव व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भूखंड २,००० चौरस मीटर, जमिनीचा दर चौरस मीटरला २ लाख रुपये आणि भाड्याची टक्केवारी १ धरली, तर जमिनीचे मूल्य ४० कोटी, त्याचा चौथा हिस्सा १० कोटी आणि वार्षिक भाडे १० लाख रुपये होते. इमारतीत ४० सदनिका असतील तर प्रत्येकी वर्षाला २५,००० म्हणजे महिन्याला सुमारे २,१०० रुपये. पूर्वी सगळी संस्था मिळून वर्षाला काहीशे रुपये भरत असेल तर हा आकडा धक्कादायक वाटतो, पण या टेकडीवरच्या मासिक देखभाल शुल्काशेजारी ठेवल्यावर तो तितका वाटत नाही. खरा भार मागील थकबाकीचा असतो. मुदत संपल्यापासूनचा वर्षनिहाय तक्ता मागावा, त्यात कोणत्या वर्षी कोणता दर, कोणती टक्केवारी आणि किती व्याज धरले आहे ते तपासावे, आणि वाद असलेली रक्कम भरायची झाल्यास हक्क राखून भरत असल्याचे पत्र चलनासोबत द्यावे.

नूतनीकरण की मालकी

८ मार्च २०१९ च्या नियमांनी भाडेपट्ट्याच्या व भोगवटादार वर्ग-२ च्या (हस्तांतरणावर शासनाचे बंधन असलेल्या) जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-१ मध्ये, म्हणजे मालकीहक्कात, रूपांतरित करण्याची वाट खुली झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी सवलतीचा दर जमिनीच्या मूल्याच्या १५ टक्के ठेवला होता. सवलत मुदतबंद होती आणि ती मुदत नंतर वाढवण्यात आली, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेला दर तपासूनच निर्णय घ्यावा. वरच्या उदाहरणात १५ टक्के म्हणजे ६ कोटी, सदनिकेमागे १५ लाख रुपये. तीस वर्षांचे एकूण भाडे त्याच सदनिकेमागे साडेसात लाख होते, तेही हप्त्याहप्त्याने. केवळ राहायचे असेल आणि इमारत धडधाकट असेल, तर निव्वळ आकड्यांवर नूतनीकरण स्वस्त पडते, असे माझे मत आहे. इमारत साठ वर्षांची असेल आणि पुढच्या दशकात पुनर्विकास अटळ असेल तर चित्र पालटते: पट्ट्याच्या जमिनीवर प्रत्येक टप्प्याला शासनाची मान्यता आणि तिचे शुल्क लागते, तर वर्ग-१ झालेल्या जमिनीवर हा फेरा बराच टळतो. विकासक अधिमूल्य भरण्यास तयार असतो हेही खरे, मात्र तो ती रक्कम सभासदांच्या वाढीव क्षेत्रातून वसूल करतो, हे सभेत कोणी बोलून दाखवत नाही.

रूपांतराचा मार्ग निवडला तरी थकबाकी आणि शर्तभंग यांतून सुटका नाही. आधीची सारी तयारी तशीच लागते.

आदेश आल्यावर

आदेशातील मुदत, क्षेत्र, हेतू आणि दर तपासून मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध संहितेच्या कलम २४७ खाली कोकण विभागाच्या आयुक्तांकडे अपील करता येते. त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. आक्षेप शासनाच्या धोरणालाच असेल तर अपिलात फार हाती लागत नाही आणि उच्च न्यायालयातच जावे लागते.

मान्य असल्यास पट्टा करण्याआधी मुद्रांक शुल्काचा प्रश्न सोडवावा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ३६ नुसार २९ वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या पट्ट्यावर बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर अभिहस्तांतरणाच्या (विक्रीखताच्या) दराने शुल्क लागते. तीस वर्षांचा पट्टा एका वर्षाने या गटात जातो. बाजारमूल्य म्हणून रेडी रेकनरचे पूर्ण मूल्य धरायचे की शासनाने निश्चित केलेले मूल्य, यावर शुल्काची रक्कम अनेक पटींनी बदलू शकते, कारण शासनाने पूर्वनिश्चित किमतीवर दिलेल्या मिळकतींसाठी मूल्यांकन नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यामुळे अंदाजाने शुल्क भरू नये. सही करण्यापूर्वी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी (शुल्क निश्चित करून घेण्यासाठी) द्यावा आणि त्यांनी प्रमाणित केलेली रक्कमच भरावी. सर्वसाधारण सभेसमोर खर्चाचा अंदाज मांडताना ही रक्कम वगळली जाते आणि नंतर तीच सर्वांत मोठी निघते, असे वारंवार घडते.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणीनंतर नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज करून मिळकत पत्रिकेवर नवी मुदत आणि पट्टेदार म्हणून संस्थेचे नाव चढवून घ्यावे. अनेक संस्था नोंदणीपाशीच थांबतात आणि पुढची कार्यकारिणी पुन्हा जुन्याच पत्रिकेसह फिरू लागते. नव्या पट्ट्याची एक प्रमाणित प्रत, मोजणी नकाशा आणि चलने संस्थेच्या दप्तरात वेगळ्या पाकिटात ठेवावीत, आणि पाकिटावर पट्टा संपण्याची तारीख व नूतनीकरणाच्या सूचनेची अंतिम तारीख ठळक लिहून सचिव बदलताना ते नव्या सचिवाकडे सही घेऊन सोपवावे.